लोपीसांचा लोखंडी बाक

भालचंद्र चुरींना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, आणि तेवढ्या अवधीत त्यांनी सात लग्नं, दोन बारशी आणि एक दहावं बिघडवलं, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं होतं. बिघडवलं म्हणजे भांडणतंटा काही केला नव्हता. माणूस तसा मवाळ. फक्त प्रत्येक ठिकाणी ते सिलिंडरविषयी बोलले होते.

त्यात त्यांचा तरी काय दोष? वालीवच्या एका टेस्टिंग शेडमध्ये त्यांची चौतीस वर्षं गेली होती. ऑक्सिजनचे, नायट्रोजनचे, कसले कसले पुरुषभर उंचीचे सिलिंडर दर पाच वर्षांनी तिथे तपासायला येत. भालचंद्र त्यांच्या पोटात पाणी भरत, त्यांना पाण्याच्या टाकीत उतरवत आणि आतला दाब वाढवत नेत. दाबाने पोलाद केसभर फुगतं. दाब सोडला की ते परत मूळ मापावर यायला हवं. आलं तर खांद्यावर तारखेचा ठसा ठोकायचा, नाही तर सिलिंडर बाद. असे लाखभर तरी सिलिंडर हाताखालून गेलेल्या माणसाला लग्नाच्या पंगतीत दुसरं काय सुचणार? दहाव्याला तर त्यांनी झडप तुटून दोन भिंती फोडून गेलेल्या सिलिंडरची गोष्ट सांगितली होती, आणि तीही गुरुजी पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघत असताना.

म्हणून डिसेंबरातल्या त्या रविवारी, विरारहून होळी गावाला जाताना, प्रेमलताबाईंनी रिक्षातच नवऱ्याकडून कबूल करून घेतलं.

"आज तो शब्द काढायचा नाही."

"कुठला?"

"अहो, कळतंय तुम्हाला कुठला. फेलीच्या घरी लग्न आहे. आनंदाचं घर आहे."

"बरं. विषयच निघाला तर?"

"निघणार नाही. ज्याला झडप असते असं काहीही आज बोलायचं नाही."

भालचंद्रांनी थोडा विचार केला. "प्रेशर कुकर?"

"कुकरसुद्धा नाही," प्रेमलताबाई म्हणाल्या, आणि पदर सावरून बाहेर बघू लागल्या.

फेलिशिया लोपीस आणि प्रेमलताबाई एकाच शाळेत बावीस वर्षं शिकवत होत्या. दोघींची मैत्री एवढी घट्ट की सुट्टीतही एकमेकींना फोन करून मुलांच्या नावाने बोटं मोडायच्या. फेलिशियाचा नवरा व्हिन्सेंट केळी आणि भाजीपाला लावायचा. त्यांच्या मुलीचं, प्रिन्सीचं, लग्न नाताळानंतर तीन दिवसांनी होतं. त्याआधी निवांत एकदा जेवायला या, असं आमंत्रण होतं. प्रिन्सी खरेदीला गेली होती. घरात होते ते व्हिन्सेंट, फेलिशिया, प्रिन्सीचा थोरला भाऊ ॲल्रॉय आणि व्हिन्सेंटचे चुलते एडवर्ड काका. काकांचं वय चौऱ्याऐंशी. त्यांना ऐकू येत नसे, म्हणजे जे ऐकायचं नसेल ते ऐकू येत नसे.

जेवण झकास झालं. कोंबडीचा रस्सा आणि मैद्याचे तळलेले गोल फुगे. भालचंद्रांनी तेरा फुगे खाल्ले आणि शब्द पाळला. फेलिशियाने पानाचा डबा पुढे केला, तरी शब्द पाळला. जेवणानंतर व्हिन्सेंट त्यांना मागच्या वाडीत घेऊन गेला. या घरी ते यापूर्वी आले होते, पण मागे कधी गेले नव्हते.

मागे विहीर होती, विहिरीवर फणसाची गर्द सावली होती, आणि सावलीत दोन चिऱ्यांवर आडवा ठेवलेला एक बाक होता. पोपटी रंगाचा. नुकताच रंगवलेला असावा, वास अजून येत होता.

भालचंद्र जागच्या जागी थबकले. बाक कसला? एक टोक गोल, दुसऱ्या टोकाला खांदे निमुळते होत गेलेले आणि त्यावर घट्ट बसवलेली लोखंडी टोपी. परक्या गावात जुना सहकारी भेटावा तसं त्यांना झालं. पण शब्द दिलेला. ते नुसतेच हसले आणि त्याच्यावर बसले.

"मजबूत आहे," एवढंच म्हणाले.

"मजबूत म्हणजे!" व्हिन्सेंट शेजारी बसला. "माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे, चाळीसेक वर्षं. प्रिन्सी याच्यावर चालायला शिकली. फेलिशियाने याच्यावर कपडे बडवलेत. काही झालं नाही त्याला."

इथवर सगळं ठीक होतं. पण हाताला खोड असते. भालचंद्रांच्या उजव्या हातात साखरपुड्याची जुनी अंगठी होती. शेडमध्ये ते हातोडीने एक टोला द्यायचे आणि आवाजावरून सिलिंडर ओळखायचे, तीच सवय आता अंगठीवर आली होती. बोलता बोलता त्यांनी बाकाला अंगठी मारली.

रिकामा सिलिंडर गातो. हा गायला नाही. ठक् म्हणून गप्प बसला.

रंगाचे थर असतील, भालचंद्रांनी स्वतःची समजूत घातली. चिऱ्यांवर टेकलाय, म्हणूनही असेल. मग त्यांनी कुणाला दिसणार नाही अशा बेताने कंबर थोडी डावीकडे आणि थोडी उजवीकडे केली. बाक किंचित हलला. आत काहीतरी डुचमळलं. तेरा फुगे डुचमळले की आणखी काही, हे मात्र कळेना. त्यांनी श्वास रोखून पुन्हा हलवून पाहिलं. फुगे नव्हते.

तेवढ्यात दोघी बायका आल्या आणि त्याही बाकावर टेकल्या. भालचंद्र उभे राहिले.

"बसा ना," फेलिशिया म्हणाली.

"मी उभाच बरा. तुम्हीही... जरा उभ्या राहिलात तर? जेवल्यावर उभं राहावं म्हणतात."

"कोण म्हणतं?" प्रेमलताबाईंनी डोळे बारीक केले. नवऱ्याचा आवाज कधी बदलतो ते त्यांना ठाऊक होतं.

"नाही, म्हणजे, हा बाक कुठून आणला, व्हिन्सेंटभाऊ? याच्या आत... म्हणजे आधी काय होतं?"

"आत काय असणार? लोखंड."

"अहो," प्रेमलताबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण त्यात सगळं आलं.

चाळीसेक वर्षं इथे पडून आहे, सावली आहे, विहिरीचा गारवा आहे, भालचंद्रांनी मनात ताडून पाहिलं. आज लगेच काही होत नाही. जाताना व्हिन्सेंटला एका बाजूला घेऊन सांगावं, उद्या शेडमधून माणूस पाठवावा. बायकोचा शब्दही राहील आणि काम पण होईल. असा छान तोडगा त्यांना सुचला, आणि त्याच क्षणी ॲल्रॉय घरातून लांब वायर ओढत आला. हातात ग्राइंडर.

"आई, उठा सगळे. कापायला घेतो."

"काय कापतोस?" भालचंद्रांनी विचारलं.

"हा बाक. अंकल, तुम्ही व्हिडिओ बघितला नाही? मधून उभा चिरायचा, दोन भाग होतात, बिजागऱ्या लावायच्या. कोंबड्या भाजायला एक नंबर भट्टी. लग्नात शंभर कोंबड्या एका वेळी."

"मी आत्ताच रंग दिलाय त्याला," व्हिन्सेंट कुरकुरला. "पण पोरगा ऐकतो कुठं."

ॲल्रॉयने वायर खांबाच्या बोर्डाला लावली आणि बटण दाबून पाहिलं. पाती किरकिरत फिरली.

"सिलिंडर!" भालचंद्र ओरडले. इतक्या जोरात की फणसावरचे कावळे उडाले. "सिलिंडर आहे तो! सिलिंडर, सिलिंडर! भरलेला सिलिंडर! बंद कर ते!"

प्रेमलताबाईंनी कपाळाला हात लावला. एका दमात पाच वेळा.

ॲल्रॉयने ग्राइंडर बंद केला, पण चेहऱ्यावर हसू होतं. चुरी अंकलची ख्याती त्याच्या कानावर होतीच. "अंकल, सिलिंडर आहे ते आम्हालाही दिसतं. पण भरलेला कसा असेल? आत काही असतं तर एवढ्या वर्षांत गळून गेलं नसतं?"

"झडप बंद करणाऱ्याने नीट बंद केली असेल, तर नाही गळत."

"आम्ही चाळीस वर्षं बसतोय," व्हिन्सेंट म्हणाला. त्याला आता थोडा रागच आला होता. त्याच्या बाकाला त्याच्याच घरात कुणी नावं ठेवत होतं. "चाळीस वर्षं काही झालं नाही ते आज होणार?"

"चाळीस वर्षांत कुणी त्याला चिरायला घेतलं नव्हतं!"

सगळेच एकदम बोलू लागले. मधे उभ्या राहिल्या त्या प्रेमलताबाई, आणि वर्गात उभ्या राहायच्या तशाच.

"वजन करा," त्या म्हणाल्या. "यांनी मला हजारदा ऐकवलंय, रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या खांद्यावर कोरलेलं असतं. तुमच्याकडे केळी तोलायचा काटा आहे. वजन तेवढंच भरलं तर सिलिंडर रिकामा. आणि रिकामा निघाला, तर हे जन्मात पुन्हा तो शब्द काढणार नाहीत. कुठल्याच लग्नात नाही. घरात पण नाही."

त्यांच्या डोळ्यांत अशी काही आशा चमकली की भालचंद्रांना वाईटच वाटलं.

"आणि भरलेला निघाला तर?" त्यांनी विचारलं.

"तर काय?"

"तर मी बोलेन तेवढा वेळ सगळ्यांनी ऐकायचं. जागेवरून हलायचं नाही. जांभई द्यायची नाही. तू पण."

प्रेमलताबाईंनी पदर खोचला. "कबूल."

रंग खरवडायला ॲल्रॉय कोयता घेऊन धावला. भालचंद्रांनी तो काढून घेतला आणि घर रंगवताना उरलेलं थिनर आणि फडकं मागितलं. टोपीखालच्या खांद्यावर ते फडकं हळूहळू फिरवू लागले. पोपटी गेला, तर खाली आकाशी निघाला.

"आमच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा, लग्नाच्या," फेलिशिया म्हणाली. आकाशीखाली गुलाबी होता, तो ॲल्रॉयच्या बाप्तिस्म्याचा. गुलाबीखाली साईच्या रंगाचा, त्याखाली चॉकलेटी. घरात काही कार्य निघालं की बाकाला रंग, असा लोपीसांचा शिरस्ता होता.

"या रंगांनीच वाचवलं त्याला," भालचंद्र पुटपुटले. "गंज लागायला जागाच ठेवली नाही तुम्ही." चॉकलेटीखाली काळा लागला, तेव्हा त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"काळा म्हणजे काय?" ॲल्रॉयने विचारलं.

"काळा म्हणजे लाल नाही. लाल असता तर हायड्रोजन, आणि मग आपण इथे बोलत उभे राहिलो नसतो. वाडीबाहेर पळत असतो."

ॲल्रॉय दोन पावलं मागे सरकला. हसू तेवढं चेहऱ्यावर तसंच ठेवलं.

पोलादात ठोकलेले आकडे दिसू लागले. भालचंद्रांनी चष्मा पुसला. शेवटची तपासणी जुलै एक्क्याऐंशी. रिकाम्याचं वजन अठ्ठावन्न किलो दोनशे ग्रॅम. त्या ठोकलेल्या आकड्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला. ठोकणाऱ्याचा हात सरळ होता. आठाचं वरचं पोट जरा दबलेलं होतं, पण हात सरळ होता.

मग चौघांनी मिळून बाक काट्यावर नेला. चौथ्या प्रेमलताबाई होत्या, कारण एडवर्ड काका व्हरांड्यात आरामखुर्चीत झोपले होते. भालचंद्र पुढून सूचना देत होते, "हळू. आपटायचा नाही. दिवस भरलेल्या बाईला दवाखान्यात नेतोय असं समजा." काट्यावरचे लाल आकडे धावले, अडखळले, थांबले.

अठ्ठ्याहत्तर किलो.

ॲल्रॉयच पहिल्यांदा म्हणाला, "टोपीचं वजन? आणि रंगाचं?"

"टोपी, झडप, रंग, अडीच किलो धर. तीन धर, तुझ्या समाधानासाठी. तरी सोळा-सतरा किलो उरले." भालचंद्रांचा आवाज आता अगदी शांत झाला होता. "ऑक्सिजन असता तर आठ-नऊ किलोंच्या वर गेला नसता. एवढा जड म्हणजे आत पातळ होऊन बसलेला वायू आहे. कार्बन डायऑक्साइड. सोड्यात घालतात तो."

"सोडा?" व्हरांड्यातून आवाज आला. एडवर्ड काकांनी डोळे उघडले होते. "मग काय तर. कारखान्याचाच सिलिंडर आहे तो."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"गोटी सोड्याचा आमचा कारखाना होता, पापडीला," काका भालचंद्रांना सांगू लागले. "माझा आणि याच्या बापाचा. शेवटचा सिलिंडर मुंबईहून मागवला, चार दिवस वापरला असेल, आणि आम्हा भावांचं बिनसलं. कारखाना बंद. बाटल्या भंगारात गेल्या. हा जड म्हणून कुणी उचलला नाही, तो इथे आणून टाकला."

"भरलेला आहे हे ठाऊक होतं तुम्हाला?" व्हिन्सेंटचा आवाज चिरकला.

"ठाऊक म्हणजे? मीच झडप बंद केली."

"आणि सांगितलं नाही? आम्ही चाळीस वर्षं..."

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे." काकांनी एकेकाचं तोंड निरखलं. "मला कधी बसलेलं पाहिलंत का त्याच्यावर?"

कुणी पाहिलं नव्हतं. आता आठवू लागले तसं एकेकाच्या लक्षात आलं, की काका वाडीत यायचे तेव्हा आपली खुर्ची स्वतः उचलून आणायचे आणि चांगली वीस पावलं लांब ठेवायचे. म्हातारा विक्षिप्त आहे म्हणून सगळे सोडून द्यायचे.

फेलिशियाने छातीवर क्रूस काढला आणि मग व्हिन्सेंटच्या दंडावर एक चापट मारली, काकांना मारता येत नव्हती म्हणून. ॲल्रॉय मुकाट्याने गेला आणि ग्राइंडरची पिन बोर्डातून काढून आला. "अंकल, मी कापला असता तर काय झालं असतं?"

ही गोष्ट भालचंद्रांनी कुठल्याही लग्नात सांगितलेली नव्हती. एकदा शेडमध्ये असाच एक कापायला घेतलेला सिलिंडर आला होता, केळीच्या पानासारखा उलगडलेला. त्याच्यासोबत एक चप्पल आली होती. चप्पल घेऊन कोण आलं ते आता त्यांना आठवत नव्हतं.

"वाईट झालं असतं," ते म्हणाले. मग ते टेकायला जागा शोधू लागले. बसायला बाक नव्हता. प्रेमलताबाईंनी आतून खुर्ची आणून त्यांच्या मागे ठेवली आणि खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी शत्रुघ्नला फोन लावला. शत्रुघ्न आधी त्यांच्या हाताखाली होता, आता शेडचा सुपरवायझर होता. तासाभरात तो टेम्पो घेऊन आला. हातमोजे, पितळी पाना, सगळं सोबत. त्याने सिलिंडर चहूबाजूंनी न्याहाळला, बुडाला हात लावून बघितला आणि मान हलवली.

"सर, एवढ्या वर्षांत तपासणी नाही झालेला भरलेला सिलिंडर मी हायवेवरून नेणार नाही. इथेच सोडू. मोकळी जागा आहे?"

मुळा काढून झालेलं एक शेत घराच्या मागे रिकामंच पडलं होतं. वारा खाडीकडे वाहत होता. तिथे सिलिंडर नेला, तिरका टेकवून बांधला, आणि पन्नास पावलांवर कपडे वाळत घालायची दोरी ताणली. तोवर गावात बातमी पोचली होती. लोपीसांच्या बाकात गॅस निघाला म्हणे. कुणी म्हणालं बॉम्ब निघाला. बॉम्ब निघाला म्हटल्यावर लोक लांब जायला हवेत, पण ते जवळ आले. दोरीपाशी साठ-सत्तर जण जमले, त्यात वीसेक पोरं, आणि कुणीतरी दोन बाकडी आणि एक पाळणासुद्धा आणला.

भालचंद्र दोरी आणि सिलिंडर यांच्यामध्ये उभे राहिले. हातात पितळी पाना. त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली. आयुष्यात एवढी माणसं त्यांच्याकडे तोंड करून कधीच उभी राहिली नव्हती. पहिल्या रांगेत प्रेमलताबाई होत्या. नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे काही पसरत चाललं होतं ते बघून त्या सावध झाल्या.

"आता हा सिलिंडर मी उघडणार आहे," भालचंद्र म्हणाले. "आणि तुम्हाला बर्फ दाखवणार आहे. खराखुरा. होळीत बर्फ पडणार आहे."

पोरांनी एकच गिल्ला केला.

"पण त्याआधी," भालचंद्र म्हणाले, "दोन शब्द."

प्रेमलताबाईंनी डोळे मिटले.

त्यांनी टेस्टिंगपासून सुरुवात केली. पोटात पाणी का भरायचं, हवा का नाही. पोलाद फुगतं म्हणजे किती फुगतं. पाच मिनिटांनी एक मुलगा ओरडला, "काका, बर्फ!" भालचंद्रांनी पाना झडपेच्या दिशेने नेला, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि ते म्हणाले, "हां, झडपेवरून आठवलं." मग झडप तुटून दोन भिंती फोडून गेलेला सिलिंडर आला. तो तिसऱ्या भिंतीत अडकला, हे प्रेमलताबाईंनाही नवीन होतं. मग कुठल्या रंगात काय असतं ते आलं. फुगेवाल्याच्या सिलिंडरजवळ पोरांना का उभं करू नये, ते आलं. सिलिंडर आडवा घरंगळवत न्यायची कोणकोणती चूक लोक करतात ते आलं. प्रत्येक वेळी पाना पुढे जाई आणि प्रत्येक वेळी त्यांना काहीतरी आठवे. व्हिन्सेंटला जांभई आली, ती त्याने नाकातून सोडली. ॲल्रॉय मात्र खाली मातीत काडीने काहीतरी लिहून घेत होता. शत्रुघ्न पाठ फिरवून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

पस्तीस मिनिटं झाली.

"अहो," प्रेमलताबाई शेवटी म्हणाल्या. पण हा नेहमीचा 'अहो' नव्हता. "तो दोन भिंती फोडून गेला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

भालचंद्र गोंधळले. लग्नानंतर आज पहिल्यांदा तिने सिलिंडरबद्दल प्रश्न विचारला होता.

"पहिल्या भिंतीच्या अलीकडे," ते म्हणाले.

"मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगत होतो. तू चिमटा काढायचीस."

लोक हसले. प्रेमलताबाईही हसल्या, आणि तोंडावर पदर घेतला. भालचंद्रांना आता आणखी काही बोलावंसंच वाटेना. त्यांनी हातमोजे चढवले.

झडप त्रेचाळीस वर्षांनी सहज उघडणार नव्हती. शत्रुघ्नने जोर लावला, भालचंद्रांनी तेल सोडलं, पुन्हा जोर लावला. मग कुरकुर झाली, आणि एकदम कानठळ्या बसवणारा फूत्कार. पांढराशुभ्र लोट खाडीच्या दिशेने धावत सुटला. पोरं किंचाळली, मग नाचू लागली. भालचंद्रांनी सिलिंडरच्या तोंडाला गोणपाट बांधलं. लोट त्यात शिरला, गोणपाट कडक झालं, फुगलं, आणि दहा मिनिटांनी त्यांनी ते सोडून पत्र्याच्या घमेल्यात झटकलं तेव्हा आत त्या वायूचाच गोठलेला ढीगभर भुसभुशीत बर्फ होता.

"हात लावायचा नाही," ते ओरडले. "भाजतो!"

बर्फाने कसं भाजेल म्हणून एका पोराने बोट लावलंच, आणि शहाणा होऊन परतला. फेलिशियाने लांब दांड्याच्या डावाने थोडा बर्फ नेऊन अंगणातल्या नाताळच्या गोठ्यावर पसरला. तिथे दरवर्षी कापूस असायचा. मेंढ्या गुडघाभर बर्फात उभ्या राहिल्या, बाळ येशूभोवती धूर फिरू लागला, आणि अर्ध्या तासात सगळं नाहीसं झालं. खालचं गवत कोरडं होतं. पोरांनी गवत चाचपून चाचपून पाहिलं.

एडवर्ड काकांनी त्या बर्फाचा एक खडा पाण्याच्या पेल्यात टाकला होता आणि उसळणारे बुडबुडे ते नाकाशी धरून बसले होते.

"पिऊ नका, काका. आत काय गंज असेल कोण जाणे."

"पीत नाही. वास घेतोय." काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कदाचित बुडबुड्यांनी. "झडप चांगली बंद केली होती की नाही मी?"

"एक नंबर," भालचंद्र म्हणाले. ते अगदी खरं होतं.

रिकामा झालेला सिलिंडर शत्रुघ्न घेऊन गेला. चार दिवसांनी त्याचा फोन आला. पाण्याचा दाब देऊन पाहिला होता. फुगला आणि केसाचाही फरक न ठेवता मूळ मापावर आला. पास. व्हिन्सेंटला हे कळल्यावर तो दोन दिवस ताठ मानेने फिरला, जणू त्याने स्वतःच परीक्षा दिली होती. झडप काढून, उघड्या तोंडाचा तो बाक लग्नाच्या आदल्या दिवशी परत आला आणि त्याला पुन्हा पोपटी रंग बसला. कोंबड्या ॲल्रॉयने डिझेलच्या पिंपात भाजल्या. पिंप आधी धुतलं होतं का, हे भालचंद्रांनी तीनदा विचारलं.

पण भानगड पुढे वाढली. लग्नात जो तो बर्फाची गोष्ट सांगत होता, आणि ती ऐकून लोकांना आपापली घरं आठवू लागली. कुणाच्या फाटकाला वजन म्हणून सिलिंडर टांगलेला होता. एका शाळेत घंटा म्हणून वाजवत होते. चिंचोटीच्या एका हॉटेलवाल्याने अंगण चोपायला रूळ केला होता. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात चुरींच्या घरचा फोन दिवसभर वाजत राहिला. भालचंद्र रोज कुठे ना कुठे जात होते, आणि घरी येऊन जेवायला बसले की पुन्हा फोन.

असाच एक फोन दुपारी आला. भालचंद्रांच्या हातात घास होता. प्रेमलताबाईंनी फोन उचलला.

"हो, इथेच. कुठे ठेवलाय तुम्ही? उन्हात? नाही, नाही, हलवू नका आता. वर ओलं पोतं टाका. टोपी आहे का तोंडावर? आणि रंग? थोडा कोपरा पुसून बघा, पण खरवडायचं नाही, थिनरने. काय? तांबडा? तांबडा म्हणजे मळकट तांबडा की लाल? नीट बघून सांगा, त्यात फरक आहे."

भालचंद्रांनी घास ताटात ठेवला आणि फोनसाठी हात पुढे केला. प्रेमलताबाईंनी पाठ वळवली.

"साहेब जेवतायत," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "तुम्ही मला सांगा."